घरच्या दुरुस्तीनंतर ट्रॅक्टरची परीक्षा

खानदेशात ट्रॅक्टर हे आता केवळ मोठ्या बागायतदाराचे साधन राहिलेले नाही. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत तो केळीच्या ट्रॉल्या ओढतो, तर शिंदखेडा व शिरपूरकडे काळी जमीन नांगरतो. लहान शेतकऱ्याच्या बांधावरही तो भाड्याने का होईना, येतोच. साहजिकच त्याची दुरुस्तीही पुष्कळदा घरच्या अंगणात, निंबाच्या सावलीत होऊ लागली आहे.

काही जाणकारांना ही गोष्ट रुचत नाही. यंत्राला मिस्त्रीनेच हात लावावा, असे त्यांचे म्हणणे असते. हे मत मला मान्य नाही. हंगामाच्या दिवसांत मिस्त्री चार-चार दिवस मिळत नाही आणि जमिनीचा वाफसा कोणासाठी थांबत नाही. शेतकऱ्याने स्वतः पाना हाती घेतला, तर त्यात दोष नाही. दोष आहे तो अन्यत्र. शेवटचा बोल्ट आवळला की दुरुस्ती संपली असे आपण समजतो. वास्तविक तेथे तिचा उत्तरार्ध सुरू होतो, व तो म्हणजे परीक्षा.

यावल तालुक्यातील एका शेतकऱ्याने व त्याच्या मुलाने गेल्या मे महिन्यात घरीच क्लचप्लेट बदलली. काम नेटके झाले होते. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला भरलेली ट्रॉली जोडली, तेव्हा इंजिनाचा वेग वाढे, पण ट्रॅक्टर पुढे रेटेना. प्लेटच खोटी निघाली असे ठरवून दोघांनी ट्रॅक्टर पुन्हा खोलला. दोन दिवस गेले आणि जळालेल्या प्लेटच्या जागी दुसरी घालावी लागली. मी पाहिले तेव्हा कारण बाहेरच होते. क्लचच्या पेडलला मोकळी चाल मुळीच ठेवलेली नव्हती. त्यामुळे आतील बेअरिंग सतत टेकून राही, प्लेट पुरती आवळली जात नसे व घसरून तापे. पहिल्या खेपेसच दांडीची लांबी जुळवून घेतली असती, तर खर्च व खोळंबा दोन्ही टळले असते. पेडलवर पाय टेकवून ट्रॅक्टर चालवण्याच्या सवयीनेही हेच घडते.

म्हणून पहिला नियम असा की, दुरुस्तीनंतर नवा दोष दिसला, तर ज्या भागाला शेवटी हात लागला तेथूनच शोध सुरू करावा. प्रथम बाहेरून जुळवता येण्यासारखे सर्व काही पाहावे. पेडलची मोकळी चाल साधारणतः दोन ते तीन सेंटिमीटर असते, परंतु नेमका आकडा आपल्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. गिअरबॉक्समधील तेलाची पातळी व जातही पडताळावी. अनेक ट्रॅक्टरांत हेच तेल हायड्रॉलिकला व तेलातील ब्रेकलाही पुरते. तेथे भलते तेल घातले, तर ब्रेक दाबताना थरथर व आवाज येतो. तेल दुधासारखे पांढरट दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

नंतर मोकळ्या, सपाट जागी, अवजार न जोडता व मडगार्डवर कोणालाही न बसवता ट्रॅक्टर सुरू करावा. क्लच पूर्ण दाबून काही क्षण थांबावे व मग गिअर टाकावा. तरीही दात खरखरले, तर क्लच पुरता सुटत नाही असे जाणावे. क्लच घसरतो की काय, हे पाहण्यास हँडब्रेक लावून वरचा गिअर टाकावा आणि पेडल हळूहळू सोडावे. निरोगी क्लच इंजिनाला दाबून बंद पाडतो. इंजिन चालूच राहिले, तर प्लेट घसरते आहे. ही परीक्षा पुढे-मागे कोणी नसताना, एकदाच व काही सेकंदच करावी. वारंवार केल्यास चांगली प्लेटही तापते.

आवाज ऐकताना तो कोठून येतो, यापेक्षा केव्हा येतो हे अधिक महत्त्वाचे. क्लच दाबताच आवाज सुरू झाला, तर दाबणाऱ्या बेअरिंगवर संशय घ्यावा. न्यूट्रलमध्ये असलेला आवाज क्लच दाबताच थांबला, तर गिअरबॉक्सच्या पुढील शाफ्टचे बेअरिंग पाहावे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असल्यास त्याच गिअरचे दात तपासावेत. सर्व गिअरांत व वेगाबरोबर वाढत जाणारा आवाज बहुधा मागील भागातील असतो. तो केवळ वळतानाच आला, तर डिफरन्शियलकडे लक्ष द्यावे. ओझ्याखाली गिअर आपोआप निसटत असेल, तर फोर्क झिजलेला किंवा गोळीची स्प्रिंग सैल असण्याचा संभव असतो.

यानंतर रिकामी ट्रॉली, मग अर्धी, मग भरलेली, या क्रमाने ओझे वाढवावे. प्रत्येक टप्प्यानंतर गळती व उष्णता पाहावी. रस्त्यावर जाण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडले एकत्र जोडून ती सारखी लागतात याची खात्री करावी. केळीने भरलेली ट्रॉली मागे असता ब्रेक एका बाजूला ओढला, तर नुकसान पैशांतच मोजता येईल असे नव्हे.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला हे कळत नाही. पुढे मिस्त्रीला बोलवावे लागले, तरी ही वही त्याचे निम्मे काम करून ठेवते.

शेवटी आम्हा खात्यातील मंडळींविषयीही एक शब्द. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 साली सुरू झाले व त्यातून यंत्रांना अनुदान मिळते. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु यंत्राबरोबर यंत्राची पारखही गावात यावयास हवी. मध्य प्रदेशातील बुदनी येथे 1955 पासून केंद्र शासनाची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. खानदेशातील तरुणांनी तेथे अवश्य जावे. तथापि सर्वांनाच ते शक्य नाही. यासाठी नांगरणीपूर्वी तालुक्या-तालुक्यांत एक दिवसाचे परीक्षा-शिबिर भरवणे, हे माझ्या मते बियाणे वाटपाइतकेच निकडीचे काम आहे. बैलाची चाल पाहून त्याचे दुखणे ओळखणाऱ्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरची चाल ओळखणे अवघड जाणार नाही.