खाण संपली, जमीन कुठे आहे?

खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने जमिनीवर पुन्हा गवत उगवून द्यावे, गुरांना चारा मिळावा, अशी अट घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये केंद्राला दिला. आपल्याकडे मात्र खडी-मुरुमासाठी पोखरलेल्या किती टेकड्या उघड्याच आहेत! पावसाळ्यात खड्डे भरतात, पोहायला उतरलेली मुले बुडतात. हे संतापजनक आहे. उपाय अवघड नाही. पहिला ब्रास काढण्याआधीच वरची माती वेगळी रचावी. पण ती वर्षानुवर्षे ढिगात पडून राहिली तर तिचा कस जातो, म्हणून खाणकाम थांबताच उभे कडे उतरते करावेत, माती पसरावी, मारवेल-पवन्यासारखी देशी गवते लावावीत. गवत दोन पावसाळे टिकल्याचे पाहिल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी पट्टेदाराला मोकळे करू नये.