जकातीची दप्तरं आणि महापालिकेचे ३,९५५ कोटी

रमजान जवळ आला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक आवाहन फिरायला लागतं. गरीब मुलांसाठी दप्तर, वह्या, बूट. एका मुलाचा खर्च एवढा एवढा. जकात चालेल. खाली गेल्या वर्षीचे फोटो असतात: रांगेत उभी मुलं, हातात नवी कोरी दप्तरं आणि मागे देणाऱ्यांच्या नावांचा बॅनर.

अशा एका वाटपाला मीही गेलो होतो. रांगेतली बरीच मुलं महापालिकेच्या उर्दू शाळेतली होती. एकाला विचारलं, "शाळेतून दप्तर नाही मिळालं?" तो म्हणाला, "मिलेगा. सर बोले दिवाली के बाद."

आता हे नीट समजून घ्या. मुंबई महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना दप्तर, गणवेश, वह्या, बूट अशा २७ शालेय वस्तू मोफत देते. ही खैरात नाही. त्यासाठी दरवर्षी अर्थसंकल्पात पैसे ठेवलेले असतात, निविदा निघतात, ठेकेदार नेमले जातात. म्हणजे त्या मुलाच्या दप्तराचे पैसे एकदा करातून गेलेले होते. वस्तू वेळेवर आल्या नाहीत म्हणून तेच दप्तर दुसऱ्यांदा जकातीतून विकत घेतलं गेलं. जकात हा गरिबाचा हक आहे. महापालिकेच्या दिरंगाईची भरपाई त्यातून करायला कुणी सांगितलं? आणि आपण दप्तर दिल्यावर दिरंगाई कुणाची, हे विचारायची गरजच कुणाला उरली नाही. मूल खूश, देणारा खूश, आणि सगळ्यात जास्त खूश तो अधिकारी, ज्याच्या टेबलावर ती फाइल पडून होती.

माझा राग दान करणाऱ्यांवर नाही. राग या गोष्टीचा आहे की आपल्या कौमने शाळेकडे फक्त दान करायची जागा म्हणून बघायला सुरुवात केली आहे, आणि तिचा मालक कोण हे ती विसरून गेली आहे.

मालक कोण, ते आकड्यांत बघा. २०२५-२६ साठी मुंबई महापालिकेचा एकूण अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात शिक्षणासाठी सुमारे ३,९५५ कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले साधारण पाच रुपये. आपले सगळे ट्रस्ट, सगळ्या मस्जिदींच्या कमिट्या आणि सगळे दानशूर एकत्र आले तरी या रकमेच्या आसपास पोचणार नाहीत. याशिवाय प्राथमिक शिक्षणाच्या खर्चातला राज्य सरकारने अनुदान म्हणून द्यायचा वाटा वेगळा. त्याची थकबाकी हजारो कोटींत आहे. सरकार महापालिकेला देत नाही, महापालिका जोर लावून मागत नाही, आणि आपण शंभर दप्तरं वाटून फोटो काढतो.

या शाळांत आपला संबंध किती आहे? महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. मुंबई मराठी माणसाची म्हणतात, पण तिच्या महापालिकेच्या शाळांत आज मराठी माध्यमापेक्षा उर्दू माध्यमात जास्त मुलं बसतात. हिंदी आणि इंग्रजी माध्यमांत बसणारी आपली मुलं वेगळी. टीव्हीवर चर्चा मात्र मदरशांची. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की मदरशात शिकणारी मुस्लिम मुलं चार टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेल्यांचं काय होतं, यावर ना चॅनलवाले बोलतात, ना आपले कायद (म्हणजे स्वतःला कायद म्हणवणारे). मदरशावर कुणी बोट ठेवलं की रस्त्यावर यायला आपण तयार. गल्लीच्या टोकाला असलेल्या महापालिका शाळेत गणिताला शिक्षक नाही, यावर आजवर एकही मोर्चा माझ्या पाहण्यात नाही.

याचं एक कारण आहे, आणि ते उघड बोललं पाहिजे. उर्दू शाळा म्हटलं की आपल्याला ती 'अल्पसंख्याकांची शाळा' वाटते. कुणीतरी आपल्यासाठी मेहरबानीने चालवलेली, जास्त बोललो तर बंद होईल अशी. हा गैरसमज आहे आणि तो महाग पडतो. एखाद्या मुस्लिम ट्रस्टने काढलेली शाळा ही राज्यघटनेच्या कलम ३० खालची अल्पसंख्याक संस्था असते. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून अशा संस्था चालवते आहे आणि तिचं ऋण कुणी नाकारणार नाही. पण महापालिकेची उर्दू शाळा अल्पसंख्याक संस्था नाही. ती सार्वजनिक शाळा आहे, फक्त शिकवण्याची भाषा उर्दू आहे. तिच्यावर आपला हक मुसलमान म्हणून नाही, नागरिक म्हणून आहे.

हा फरक कायद्यातही उतरतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ प्रत्येक सरकारी आणि महापालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची करतं. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, मिळालेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं आणि शाळा विकास आराखडा तयार करणं ही या समितीची कामं. कलम २२ तर सांगतं की पुढच्या योजना आणि अनुदानं यांचा पाया हाच आराखडा असेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अल्पसंख्याक संस्थांमध्ये ही समिती फक्त सल्ला देणारी राहिली. महापालिकेच्या उर्दू शाळेत मात्र तिचे अधिकार शाबूत आहेत. म्हणजे आपण जिला दुबळी समजतो त्याच शाळेत पालकांच्या हातात कायद्याने सगळ्यात जास्त ताकद दिली आहे.

प्रत्यक्षात काय चालतं? पूर्व उपनगरातल्या एका शाळेच्या समितीवर माझ्या ओळखीच्या एक बाई दोन वर्षं सदस्य होत्या. घरी जरीकाम करायच्या. त्यांना मी विचारलं, बैठकीत काय ठरायचं? त्या म्हणाल्या, "बैठक कसली? मुलाला सोडायला गेले की गेटवर शिपाई रजिस्टर घेऊन यायचा. आपा, इथे सही करा." दोन वर्षांत त्यांनी किती सह्या केल्या हे त्यांना आठवत नव्हतं. कशावर केल्या हे तर माहीतच नव्हतं. त्या रजिस्टरनुसार शाळेची समिती दर महिन्याला भरत होती, चर्चा करत होती, ठराव एकमताने मंजूर करत होती.

शाळेत पालकांचा आवाज सही करण्यापुरता, आणि वर, महापालिकेत? मुंबईतल्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता. शिक्षण समिती नव्हती, स्थायी समिती नव्हती, सभागृह नव्हतं. अर्थसंकल्प प्रशासनच मांडायचं आणि प्रशासकच मंजूर करायचा. ज्या शहरात लाखो मुलं महापालिकेच्या शाळेत जातात त्या शहरात शाळेच्या पैशाबद्दल जाहीर प्रश्न विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झालं. प्रचारात आपल्या वस्त्यांत कोण काय बोललं ते आठवा. गटार, पाणी, कब्रस्तान, बुलडोझर, सगळं खरं आणि सगळं गरजेचं. शाळा किती जणांनी काढली? आणि काढली नाही तर आपण किती जणांनी विचारलं?

मुलांचं नुकसान नेमकं कुठे होतं, याकडे येतो, कारण 'शिक्षणाचा दर्जा' हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून काहीच हाताला लागत नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा आहे, म्हणजे आठवीपर्यंत. महापालिकेच्या शाळांचा पसाराही तिथपर्यंतच मोठा. नववी-दहावीच्या शाळा त्या मानाने फारच थोड्या. आठवी झाली की मुलाच्या हातात दाखला येतो आणि पुढची शाळा शोधायची जबाबदारी घरावर पडते. गोवंडी-मानखुर्दमधल्या मुलाला उर्दू माध्यमाची नववी जवळ मिळाली तर नशीब, नाहीतर बस आणि लोकल. मुलगा असेल तर तो एखाद्या गॅरेजमध्ये किंवा कारखान्यात लागतो. मुलगी असेल तर घरात बोलणी सुरू होतात. नंतर आपणच सेमिनार घेतो: 'मुस्लिम मुलींच्या गळतीची कारणे'. वक्ते परंपरा, पडदा, पालकांची मानसिकता यावर बोलतात. नववीची शाळा किती किलोमीटरवर आहे, हे कुणी मोजत नाही. मानसिकतेचा वाटा नाही असं मी म्हणत नाही, तो आहे, आणि त्यावर आपण आपल्या घरात भांडलंही पाहिजे. पण ज्या बापाला तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला दोन बस बदलून पाठवायचं आहे, त्याला आधी शाळा द्या, मग त्याची मानसिकता तपासा.

मुलं शिकतात किती, हेही धड कुणी सांगत नाही. 'असर'चा अहवाल दरवेळी गाजतो, पण तो ग्रामीण भागाचा असतो. मुंबई, भिवंडी, मालेगाव त्यात येत नाहीत, आणि राज्यातले बहुसंख्य मुसलमान तर शहरांत राहतात. केंद्राचं सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचं होतं आणि त्याचा निकाल जिल्ह्याच्या पातळीवर येतो. माझ्या वस्तीतल्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाला एक परिच्छेद वाचता येतो का, याचं उत्तर कुठल्याच अहवालात नाही. ते उत्तर फक्त समितीतले पालक मिळवू शकतात, वर्गात जाऊन, मुलाच्या हातात पुस्तक देऊन.

शिक्षकांबद्दल एक गोष्ट चुकीच्या पद्धतीने बोलली जाते. उर्दू माध्यमात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागांना उर्दूतून शिकलेले उमेदवार मिळत नाहीत आणि जागा रिकाम्या राहतात. लगेच आपल्यातले काही जण आरक्षणाच्या नावाने बोटं मोडायला लागतात. दलित आणि आदिवासी उमेदवाराचा यात काय दोष? जागा वर्षानुवर्षं रिकामी ठेवून पगाराचे पैसे वाचवणाऱ्या सरकारला विचारा. तोवर वर्गात कुणाला उभं करणार, हेही त्यालाच विचारा. कायदा पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक सांगतो. तो रिक्त जागांची सबब ऐकत नाही.

भाषेचं तुमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्यांपुढे वेगळं सांगायला नको. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. उर्दू शाळेत ती कागदावर शिकवली जाते. दहावी झालेलं मूल पोलीस भरतीचा मराठी पेपर बघून घाबरतं आणि आपण म्हणतो, भेदभाव झाला. भेदभाव होतो, रोज होतो. पण मराठीचा चांगला शिक्षक मागणं हे उर्दूशी गद्दारी कशी होते, ते मला अजून समजलेलं नाही. उर्दू माध्यम बंद करा म्हणणारे आणि मराठीला हात लावू नका म्हणणारे, दोघांचीही मुलं बहुतेक कॉन्व्हेंटमध्ये असतात.

तुमच्यापैकी बरेच जण पदवीधर आहेत, काही वकील, काही सीए, काही एखाद्या कंपनीत हिशेब बघणारे. तुमची मुलं या शाळांत नाहीत, म्हणून समितीत पालक म्हणून तुम्हाला जागा नाही. पण त्या जरीकाम करणाऱ्या बाईंच्या शेजारी बसून आराखडा वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. शाळेचा यूडायस क्रमांक घेतला की पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृहं यांचे शाळेनेच भरलेले आकडे संकेतस्थळावर दिसतात. ते घेऊन शाळेत जा आणि मोजा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गेल्या दोन वर्षांची समितीची इतिवृत्तं मागा. शाळा विकास आराखड्याची प्रत मागा. २७ वस्तू कुठल्या तारखेला शाळेत पोचल्या, ते मागा. आठवी पास झालेल्या किती मुलांनी नववीत प्रवेश घेतला, ही यादी असेल तर मागा, नसेल तर नाही असं लिहून मागा. आणि ती उत्तरं घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जा, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, आणि पुढच्या अर्थसंकल्पात आपल्या वॉर्डात उर्दू माध्यमाची एक माध्यमिक शाळा कुठे आहे, ते दाखव म्हणा.

शाळा जूनच्या मध्यात उघडतात. नवी समिती पालकसभेतून निवडली जाते आणि सभेची नोटीस शाळेच्या फलकावर लागते, बहुतेक वेळा आदल्या दिवशी, लहान अक्षरात. जुम्म्याच्या नमाजनंतर दप्तराच्या चंद्याची घोषणा होते त्याच माइकवरून ती तारीखही सांगायला लावा.