चाचणी कोणासाठी?

पित्तनलिका व पित्ताशय यांचा कर्करोग बहुधा कावीळ दिसू लागल्यावरच उघडकीस येतो आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते. रक्तातील डीएनएच्या तुकड्यांवरून तो आधीच ओळखण्याच्या प्रयत्नांचे म्हणूनच स्वागत केले पाहिजे. परंतु गाठ लहान असताना रक्तात तिचा डीएनए अत्यल्प असतो. नेमकी तेव्हाच चाचणी चुकू शकते. तिने मृत्यू टळतात हे अद्याप सिद्ध झालेले नाही.

सिद्ध करणे म्हणजे काय, हे मोडनिंबकरांना शेजारच्या बार्शीत पाहता येईल. तेथील नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने १९९९ पासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास झाला. चाचणी रक्ताची नव्हे, गर्भाशयमुखातील स्रावाची. शोध विषाणूच्या डीएनएचा. २००९ साली निष्कर्ष आले : एकदाच चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या ६४ जणींना तपासणीविना का ठेवले, हा प्रश्नही त्या यशाबरोबर नोंदलाच पाहिजे. मात्र दोष आढळलेल्या स्त्रियांना पुढील तपासणी व उपचार मिळाले, म्हणून चाचणी फळली.

मोडनिंब परिसरातील कावीळ झालेला शेतमजूर आधी झाडपाल्याचे औषध घेतो, कारण सोनोग्राफीसाठी मजुरी बुडवून शहर गाठावे लागते. कावीळ ओसरत नसेल त्याची सोनोग्राफी आठवड्याच्या आत, विनामूल्य व्हावी आणि शस्त्रक्रियेसाठी बार्शी-सोलापूरला जाण्याचा खर्च शासनाने सोसावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून आताच लावून धरावी.