‘300 टक्के लाभांश’ म्हणजे पैसे चौपट नव्हे!

टाइल्स बनवणाऱ्या कंपनीने ‘300 टक्के लाभांश’ दिला, असा मेसेज मोबाईलवर आला की सोयाबीनचे पैसे लगेच तिकडे लावावेत, असं कुणालाही वाटेल. पण हे टक्के बाजारभावावर नसतात. शेअरच्या दर्शनी किमतीवर असतात. कजारिया सिरॅमिक्सचंच बघा. या शेअरची दर्शनी किंमत अवघा 1 रुपया. म्हणजे 300 टक्के लाभांश झाला 3 रुपये. शेअर समजा 1,000 रुपयांना घेतला असेल, तर शंभरामागे हातात पडले फक्त 30 पैसे!

शिवाय लाभांशाच्या तारखेला शेअरचा भावही साधारण तेवढाच उतरतो. त्यामुळे आदल्या दिवशी घाईने खरेदी करून हाती काही लागत नाही.

बाजारमूल्याने पहिल्या 1,000 कंपन्यांनी लाभांश धोरण जाहीर करावं, असा सेबीचा नियम आहे. पण धोरण म्हणजे हमी नव्हे. टाइल्सच्या भट्ट्या बहुतेक गॅसवर चालतात. गॅस महागला किंवा घरबांधणी मंदावली की नफा घटतो आणि लाभांशाला कात्री लागू शकते. बँकेच्या ठेवीसारखं ठरलेलं व्याज इथे नाही.

म्हणून मेसेजमध्ये टक्के दिसले, तर आधी दोनच गोष्टी विचारा: एका शेअरमागे रुपये किती, आणि शेअरचा आजचा भाव किती?