संपर्कयादीचा मालक कोण?



शेळगावच्या एखाद्या बौद्ध घरातील तरुण पुण्यात खोली भाड्याने घेतो. घरमालकास तो आपले नाव व नोकरी सांगतो. जात सांगण्याचे त्यास कारण नाही. परंतु गावातील कोणा परिचिताच्या मोबाइलमध्ये त्याचा क्रमांक ‘शेळगाव बौद्धवस्ती’ अशा खुणेने नोंदलेला असतो. तो परिचित एखाद्या समाजमाध्यमास ‘ओळखीचे लोक शोधा’ अशी अनुमती देतो आणि ती यादी, कित्येकदा नावांसकट, परक्या यंत्रात जाते. त्या तरुणास कोणी विचारले होते काय?

२०१९ च्या नोव्हेंबरात ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले होते. जातीय पक्षपाताचा आरोपही त्याच सुमारास झाला. तेव्हा अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. मॅस्टोडॉनला एक मालक नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर तेथे परस्परांशी जोडलेले आहेत. ‘मालकच नाही, मग भय कसले?’ असे काही विद्वान म्हणतात. हा युक्तिवाद फसवा आहे! एका चावडीच्या जागी शंभर चावड्या झाल्या म्हणून दप्तर नाहीसे होत नाही. तुम्ही कोणाकोणास अनुसरता हे मॅस्टोडॉनवर, तुम्ही लपविले नाही तर, कोणीही पाहू शकतो. लपविले तरी सर्व्हर चालविणाऱ्यास ते दिसतेच. नॉस्टरवर तर ती यादी उघडच प्रसिद्ध होते.

दुसरे म्हणतात, क्रमांक सांकेतिक रूपात जातात. परंतु आपले मोबाइल क्रमांक दहा अंकी असून ६ ते ९ यांपैकी अंकाने आरंभ होतात. म्हणजे फार तर ४०० कोटी. तितके सर्व त्याच रीतीने सांकेतिक करून ताडून पाहणे संगणकास अवघड नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तो हक्क यादी बाळगणाऱ्या एकट्याचा नव्हे. यादीतील प्रत्येकाचा आहे.

म्हणून संपर्कयादीची अनुमती नाकारा. मॅस्टोडॉनवर आपली यादी लपवा. दोन्ही बाजूंच्या संमतीवाचून ओळख जुळवू नये, अशी मागणी माध्यमे उभारणाऱ्यांकडे करा. दुसऱ्याच्या नावाने आपण कागदावर सही करीत नाही; मग दुसऱ्याच्या क्रमांकावर संमती देण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?