स्वार नसलेला घोडा

मुंबईच्या काळा घोडा परिसरात जानेवारी 2017 मध्ये बसवलेल्या घोड्याच्या पाठीवर स्वार नाही. वास्तुविशारद अल्फाझ मिलर यांची संकल्पना श्रीहरी भोसले यांनी घडवली; काम काळा घोडा असोसिएशनने करवून घेतले. जहांगीर कलादालन जवळच असल्याने चित्रे-शिल्पे पाहत फिरणाऱ्यांच्या वाटेवरच हा घोडा येतो.

तिथला मूळ घोडा स्वारासह होता. शिल्पकार जोसेफ एडगर बोहम यांचा हा ब्राँझपुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला दिला आणि 1879 मध्ये तो उभा राहिला. स्वार होता इंग्लंडचा युवराज, पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड. लोकांच्या तोंडी मात्र घोडाच बसला. 1965 मध्ये पुतळा हलवला गेला. आज तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. पुढची पन्नासहून अधिक वर्षे त्या जागी घोडा नव्हता, पण नाव टिकले. नव्या शिल्पाने लोकांचे ते नाव मूर्त केले आणि राजाला परत आणले नाही. मोकळ्या पाठीतच त्याचा अर्थ आहे. तिथे कोणालाही बसवले असते, तर तो आणखी एक पुतळा झाला असता.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मूर्तिकारांनाही घोड्याचे प्रतीक नवे नाही. शिगम्याच्या सणात घोडेमोडणी या नाचातला गडी बांबूच्या सांगाड्यावर बसवलेले रंगीत लाकडी मुंडके कमरेला बांधतो. सांगाडा कापडाने झाकतो, पायांत घुंगरू, हातात तलवार घेतो आणि ढोल-ताशावर पुढे-मागे सरकत नाचतो. या घोड्याला स्वतःचे पाय नसतात. धावतात ते माणसाचेच पाय. मुंबईच्या घोड्याने माणूस वगळला, इथे घोडा माणसावाचून हलतच नाही. लोक या नाचात सत्तरीच्या राणे घराण्याच्या पोर्तुगीजांशी झालेल्या लढाया पाहतात, आणि 1852 मध्ये दीपाजी राण्यांनी बंड उभारले तो नाणूसचा किल्ला वाळपईच्या शेजारीच आहे. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, तर त्याहून जुने: खाली लढाई, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर चंद्र-सूर्य. ते चंद्र-सूर्य शोभेचे नाहीत. कीर्ती तेवढा काळ राहील, असे ते सांगतात. पाटी न लावता समजणारी ही शिल्पभाषा आहे.

तरीही सत्तरीत चौकासाठी शिल्पाचे काम निघाले की फायबरचा घोडा आणि ढाल-तलवार एवढ्यावरच आराखडा संपतो. सत्तरीच्या पावसात रंग उतरतो ही अडचण दुय्यम आहे. खरी उणीव अशी, की नाचाचा वेग आणि कापडाखालचे पाय त्या घोड्यात कुठेच दिसत नाहीत. असे काम हाती असलेल्यांनी आराखड्याआधी येत्या शिगम्यात मुंडकी कोरणाऱ्याच्या पडवीत चार दिवस बसावे, आणि नाचणाऱ्याच्या कमरेचा तो सांगाडा एकदा स्वतः बांधून पाहावा.