ऑनलाइन व्हाइटबोर्ड वापरा, पण मालकाची चिठ्ठी शेवटी!



ट्रेनिंगमध्ये हमखास येणारा प्रश्न: "सर, आमची टीम चार माणसांची. आम्हाला मिरो, फिगजॅम कशाला? ते आयटीवाल्यांचं काम." माझं मत नेमकं उलटं आहे. चार माणसांच्या दुकानालाच त्याची जास्त गरज आहे.

लहान धंद्यात मीटिंग कशी होते? मालक बोलतो, बाकीचे मान हलवतात. जो पगार देतो त्याच्यासमोर "तुमचा डबा दिसतो छान, पण झाकण पटकन उघडत नाही" असं कोण म्हणणार? हीच तक्रार गिऱ्हाईक रोज काउंटरवर करत असतं. काउंटरवरच्या ताईंना ती पाठ असते, मालकाच्या कानापर्यंत येत नाही. आणि तुम्ही तेच डबे आणखी हजार मागवता. पैसा अडकतो तो इथे.

ब्रेनस्टॉर्मिंग आम्ही बीबीएला शिकलो. अमेरिकेतल्या बीबीडीओ या जाहिरात कंपनीचे ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी ते लोकप्रिय केलं. १९५३ मध्ये त्यांचं 'अप्लाइड इमॅजिनेशन' हे पुस्तक आलं. नियम साधा: आधी भरपूर कल्पना, टीका नंतर. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा वेगळंच दिसलं. एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा, एकेकटं बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरल्या. म्हणजे आधी एकट्याने लिहा, मग एकत्र बोला. व्हाइटबोर्डचा खरा उपयोग हाच.

"मग व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!" आहे, पण तिथे मुद्दा वर सरकतो आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंखाली गाडला जातो. बोर्डवर चिठ्ठी जागेवर राहते. उचलून दुसरीशेजारी ठेवता येते.

आता पद्धत सांगतो.

१. प्रश्न एकच आणि नेमका ठेवा. "धंदा कसा वाढवायचा?" नको. "दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समध्ये काय बदलायचं?" चालेल.

२. दहा मिनिटं सगळ्यांनी बोर्डच्या आपापल्या कोपऱ्यात लिहायचं. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा. मराठीतच लिहा. टाइप करायला जमत नसेल तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोला.

३. सारख्या चिठ्ठ्या एकत्र करा. मग प्रत्येकाने आपल्याला पटलेल्या तीन चिठ्ठ्यांवर ठिपका द्यायचा.

४. मालकाने आपली चिठ्ठी आणि ठिपका सगळ्यात शेवटी टाकायचा. तुमची आधी दिसली की बाकीचे तीच वेगळ्या शब्दांत लिहितात.

डिझाइनसाठी तर हे फारच सोयीचं. लेबलचा फोटो बोर्डवर टाका. "किंमत दिसत नाही", "वजन मोठं लिहा" या चिठ्ठ्या थेट त्या जागेवर लावा. डिझायनरला लिंक पाठवली की फोनवर अर्धा तास समजावत बसावं लागत नाही.

खर्च? मिरोच्या फुकट प्लॅनमध्ये तीन बोर्ड मिळतात. सुरुवातीला पुरे झाले. पण काम संपलं की बोर्डची पीडीएफ काढून ठेवाच. गुगलचा जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाला. ॲप परक्याचं आहे, विचार तुमचे आहेत, तेव्हा कॉपी आपल्याकडे हवी.

आणि एक गोष्ट कुठलंच ॲप करून देणार नाही. एखाद्याने खरं लिहिलं आणि तुम्ही नंतर त्याला सुनावलंत, तर पुढच्या वेळी बोर्ड कोराच राहील. मीटिंगसुद्धा कामाच्या वेळेत घ्या, शटर खाली केल्यावर नाही. घरी जायची घाई असलेल्या माणसाला कल्पना सुचत नाहीत.

या आठवड्यात एकच प्रश्न घ्या, वीस मिनिटं काढा आणि करून बघा. पहिल्यांदा मोजक्याच चिठ्ठ्या येतील, येऊ द्या. त्यातली एक जरी तुम्हाला टोचली, तरी समजा बोर्ड कामाला लागला.